सुहासनं जोडलेला कॉम्प्युटर

"साइट उघडंना," ननवरे काका म्हणाले.

मी अजून दुकानाचं शटर पुरतं वरसुद्धा ढकललं नव्हतं. अर्ध्या शटरखालून मला आधी त्यांचे काळे बूट दिसले, मग विजार, आणि वाकून बघितलं तेव्हा चेहरा. दाढीचे खुंट वाढलेले, डोळे आत गेलेले. माणूस आजारी आहे की काय असंच मला वाटलं.

"काका, आधी चहा घ्या, मग साइट बघू," म्हटलं.

"चहा नको. तू चल."

माझा स्वभाव तसा तिरसट. सकाळी सकाळी कुणी हुकूम सोडला की माझं डोकं फिरतं. कुर्डुवाडीत स्टेशन रोडला बाईमाणसानं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकायचं म्हणजे तोंड जरा तिखट ठेवावंच लागतं, नाहीतर मशीन दाखवायच्या निमित्तानं लोक तासभर टेकतात. तेव्हा मी काकांना सुनावलंच. म्हटलं, वर्षभर सांगतेय, ते मशीन म्हातारं झालंय आणि त्यातला ब्राउझर त्याहून म्हातारा. एक दिवस सगळ्या साइटी तोंडावर दार लावतील. तुम्ही काय म्हणालात? चालतंय तोवर चालू दे. आजचं मरण उद्यावर. आता तो उद्या उजाडला, तर आलात माझ्या दारात.

एरवी काका हसले असते. त्या दिवशी हळूच म्हणाले, "दोन दिस झालं, ती जेवली न्हाई."

मी शटर खाली ओढलं आणि कुलूप लावलं.

ती जेवली नाही म्हणजे काय, ते कळायला थोडं मागचं सांगायला पाहिजे. भानुदास ननवरे रेल्वेत कीमन होते. कीमन म्हणजे आपल्या हद्दीतला रूळ रोज चालत तपासणारा माणूस. खांद्यावर पाना, हातात हातोडा, कुठं काही सैल दिसलं की ठोकून पुढं जायचं. त्यांचा एकुलता एक मुलगा सुहास आणि मी एकाच कॉम्प्युटर क्लासला होतो. बाकीची पोरं सर्टिफिकेटासाठी यायची, आम्ही दोघं मशीन उघडायला मिळतं म्हणून जायचो. घरातला कॉम्प्युटर त्यानं स्वतः जोडला होता, पुण्याहून एकेक भाग पिशवीत घालून आणून. त्यानं स्क्रू पिळले, मी बॅटरीचा उजेड धरला. पहिल्यांदा आतला पंखा फिरला तेव्हा त्याच्या आईनं, गोदाकाकूंनी, मशीनवरून लिंबू उतरवून टाकलं होतं, आणि काका म्हणाले होते, एवढ्या खटपटीत रेल्वेची परीक्षा पास झाला असतास.

त्या परीक्षेवरून बापलेकांत कायम धुसफूस. सुहास परीक्षा देत राहिला, नापास होत राहिला. एका सकाळी पुण्याला जातो म्हणून गेला तो पुण्याला पोचलाच नाही. फोन बंद. पोलिसांत तक्रार दिली, नातेवाइकांकडे आडून आडून चौकशी केली. गावाला मात्र काकांनी सांगितलं, पोरगं बंगळूरला कंपनीत लागलं. खरी गोष्ट घरातल्या दोघांना, पोलिसांना आणि मला ठाऊक होती.

मला सांगावं लागलं, कारण काकांना एक साइट बघायला शिकायचं होतं. बेवारस माणूस मेलेला सापडला की पोलीस त्याचा फोटो आणि वर्णन साइटवर टाकतात, घरच्यांना ओळख पटावी म्हणून. मी म्हटलं, काका, तुम्ही कशाला, मी दुकानात बसून बघत जाईन की.

"न्हाई," ते म्हणाले. "तू बघू नगंस, पोरी. बघायचं ते मी बघीन. मला सवय हाय."

सवय होती हे खरंच. रुळावर कुणी पडलेलं सापडलं की पोलीस येईस्तोवर त्याच्यापाशी थांबायचं काम कीमनवरच यायचं. तासन् तास, उन्हात, पावसात. असे किती जण त्यांना सापडले ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मी त्यांना साइट शिकवली. आपल्याला बघावं लागणार नाही म्हणून मला सुटल्यासारखं झालं, खोटं कशाला बोलू.

तेव्हापासून त्या घरात एक रीतच पडली. काकांनी अंघोळ करून सुहासच्या खोलीत जायचं, दार लोटायचं, कॉम्प्युटर लावायचा. तोवर काकूंनी ताटं करून ठेवायची. काका बाहेर यायचे आणि म्हणायचे, "आज न्हाई." मग काकू घास उचलायच्या. सुहास गेल्यावर त्यांनी अन्नच सोडलं होतं, सलाइन लावायची पाळी आली होती. या दोन शब्दांवर त्या परत जेवायला लागल्या. आज नाही, म्हणजे पोरगं आज कुठंतरी जितं आहे. एका दिवसाच्या जेवणाला तेवढं पुरायचं.

आणि आता दोन दिवस साइट उघडत नव्हती.

काकांना स्कूटीवर मागं बसवलं. फाटकापाशी मालगाडीसाठी थांबलो तेव्हा मी म्हटलं, माझ्या मोबाईलवर बघता येईल, इथं उभ्या उभ्या. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून नको म्हटलं. म्हटलं, मग दुकानातलं वापरलेलं चांगलं मशीन देते, पैसे नका देऊ. तेही नको. त्याचंच चालव म्हणाले, आणि सगळं होतं तसंच पाहिजे. हट्ट तो हट्ट. बापाचं मन, लेकानं जोडलेल्या वस्तूत अडकलंय, असं मी समजले.

"बरं, मग काकूंना नुसतं आज न्हाई म्हणून टाकायचं," मी म्हटलं. "त्यांना काय कळतंय साइट उघडली का नाही."

"न्हाई आलं तोंडात," काका म्हणाले. "बघितल्याबिगर न्हाई आलं."

मालगाडी संपेना. मला मनातून वाटलं, काय सरळ माणूस आहे, बायकोचं मन राखायलासुद्धा खोटं बोलवत नाही.

गोदाकाकू स्वयंपाकघराच्या दारात भिंतीला टेकून बसल्या होत्या. आत दोन ताटं, वर ताटंच उपडी घालून झाकलेली. मला बघून उठायला गेल्या तर तोल गेला. मी धरलं. हात कोरडा लाकडासारखा लागला.

"आलीस बाई," म्हणाल्या. "बघ ते काय झालंय. ह्यांनी पण पाण्याशिवाय काय घेतलं न्हाई."

काका खोलीत जाऊन कॉम्प्युटरवरचा कपडा काढायला लागले, तेवढ्यात काकूंनी मला धरून ठेवलं. बोलायला माणूस मिळालं की त्या बोलत. ह्यांचं काही खरं नाही, म्हणाल्या. दोन वर्षं झाली, चहात साखर नाही. गोडाला हात लावत नाहीत. साखर वाढलीय म्हणतात, आणि डॉक्टर म्हणतो रिपोर्ट माझ्यापेक्षा चांगला आहे. तेव्हाच कधीतरी रेल्वेच्या पासावर एकटेच तिरुपतीला गेले, मला नेलं नाही. डोकं भादरून आले. मिशीसुद्धा काढली. नवस होता म्हणे. चाळीस वर्षं संसार केला, तर नवस बोलल्याचं माझ्या कानावर नको?

"म्हातारपणी लागतं साधूपणाचं वेड," मी म्हटलं. "अजून भगवं नेसले नाहीत ते नशीब समजा."

काकूंच्या ओठावर जरासं हसू आलं. म्हणाल्या, पोराच्या काळजीनं आतून पोखरलंय त्यांना. बोलत न्हाईत, पुरुषमाणूस. मी चहा टाकते, तू बघ.

सुहासची खोली होती तशीच होती. खुंटीवर त्याची सॅक, फळीवर परीक्षेची पुस्तकं, आणि भिंतीला लावून ते लांब बाकडं, ज्यावर बसून आम्ही मशीन जोडलं होतं. काका बाकड्याच्या एका टोकाला बसले आणि मी दुसऱ्या.

मशीन लावलं. पंख्यानं घरघर केली, उजेड आला. पहिली गोष्ट दिसली ती तारीख. कोपऱ्यात फार जुनं साल दाखवत होतं. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, तो संपला की मशीन तारीख विसरतं आणि आपल्या जन्माच्या सालात जाऊन बसतं. त्या मशीनच्या लेखी सुहास अजून घरातच होता. तारीख चुकली की साइटी दार उघडत नाहीत, त्यांना वाटतं कुणीतरी फसवतंय. मी झाकण उघडलं, आतली धूळ फुंकली, नवा सेल बसवला, तारीख लावली.

"आता उघडंल?" काकांनी विचारलं.

नाही उघडली. पांढरं पान, त्यावर तोच इंग्रजी निरोप. म्हटलं, काका, इथंच घोडं पेंड खातंय. साइटीनं कुलूप बदललंय, आणि तुमच्या जुन्या ब्राउझरकडं नव्या कुलपाची किल्ली नाही. नवा ब्राउझर घालावा तर तो या जुन्या विंडोजवर चालत नाही. दुसरं कुणी असतं तर म्हटलं असतं, फेका हे भंगारात, नाकापेक्षा मोती जड. पण अशा मशीनसाठी मी एक पेनड्राइव्ह वेगळा ठेवलेला असतो. जुन्या विंडोजवर चालणारं शेवटचं काय काय होतं ते सगळं त्यात आहे.

काका माझ्या हाताकडं बघत होते. पेनड्राइव्ह लावला, ब्राउझर चढायला लागला. मशीन म्हातारं, हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती. काका एकदा दाराकडं बघायचे, एकदा पट्टीकडं.

"माझं जुनं सगळं येईल न्हवं त्यात?"

"कुठलं जुनं?"

"मी जातो तिथलं. वाट."

म्हटलं, येईल. जुन्या ब्राउझरमधलं सगळं नव्यात ओढून घेता येतं. त्यावर ते म्हणाले, मग तेवढं करून तू जा, पुढचं माझं मी बघतो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. इतकी वर्षं दार लोटून एकट्यानं जे बघितलं, ते माझ्यासमोर कसं बघतील.

पट्टी संपत आली आणि काकू चहा घेऊन आल्या. ताटलीत तीन कप, बिनसाखरेचा एक जरा बाजूला सारलेला. काका लगेच उठले.

"तू जा, ताटं कर," म्हणाले.

"ताटं तयारच हायती परवापास्नं," काकू म्हणाल्या. "आज हितंच थांबते. दार लावून घेऊ नका. मला एकदा डोळ्यानं बघू द्या ते चालू झालेलं."

"गोदा, जा म्हणतोय."

"न्हाई जात."

मी दोघांच्या मध्ये पडायला नको म्हणून पडद्याकडं बघत राहिले. जुन्यातलं सगळं ओढून घेऊन नवा ब्राउझर उघडला. तो उघडला की पहिल्या पानावर छोटे छोटे चौकोन दाखवतो. माणूस जिथं जिथं जास्त जातो त्या जागांचे. कुणाचे बातम्यांचे असतात, कुणाचे बँकेचे, पोरांचे खेळांचे. इथं एकच चौकोन होता. म्हटलं, बरोबर, हे एकच साइट बघतात, साइटीचं पहिलं पान असणार. हाताला सवय असते. बोलता बोलता मी त्यावर दाबलं.

"रेशमा, थांब," काका म्हणाले.

तोवर पान उघडायला लागलं होतं. टेलिफोनच्या तारेवरचं इंटरनेट ते, फोटो एकदम येत नसे, वरून खाली पट्ट्या पट्ट्यांनी उतरायचा. आधी हिरवट भिंत आली. मग काळे केस, पाण्यानं मागं सारलेले. मग कपाळ. काका उभे होते, त्यांचा हात बटणापासून वीतभर अंतरावर होता. त्यांना मशीन बंद करता आलं असतं. पण त्यांनी केलं नाही. तेही बघतच राहिले, दोन दिवस पाणी न मिळालेलं माणूस बघतं तसं.

मग भुवया आल्या, मिटलेले डोळे, नाक, जराशी उघडी जिवणी. दुपारच्या क्लासला जेवून आलं की सुहास असाच झोपायचा.

काकू माझ्या मागं उभ्या होत्या. त्यांचा आवाज अगदी साधा आला.

"हा सुहास," त्या म्हणाल्या.

कपांची ताटली त्यांनी टेबलाच्या कडेला नीट ठेवली. एक थेंब सांडला नाही. मग नवऱ्याकडं वळल्या.

"आज दिसला व्हय?"

काकांचे ओठ हलले. मला तोवर कळलं होतं. ब्राउझरला कुठून ठाऊक असणार, कुणाचा फोटो कोण शोधतंय? माणूस जिथं रोज जातो तेवढंच तो दाखवतो. साइटीवर शेकडो मयतांची पानं आहेत, आणि काका रोज सकाळी अंघोळ करून या एकाच पानावर येत होते.

"आज न्हाई," काका म्हणाले.

"मग कधी?"

"गेल्याच्या गेल्या आषाढात."

काकूंनी बोटांवर मोजलं नाही, पण त्या मनात काहीतरी मागं मागं जात होत्या ते दिसत होतं. मी उठून जायला पाहिजे होतं. पण मी बसूनच राहिले.

काका बाकड्यावर बसले आणि बोलायला लागले, जमिनीकडं बघत. त्या दिवशी सांगायलाच बाहेर आलो होतो, म्हणाले. तू ताटावर बसली होतीस. मेथीची भाजी होती. माझ्याकडं बघितलंस तू. म्हटलं, एवढं जेवू दे, मग सांगतो. तू जेवलीस. मग म्हटलं, आता जेवलीय, आता नको, उद्या सांगू. उद्या परत तू ताटावर. रोज उद्या म्हटलं. मला दिसला तेव्हा पोलिसांनी सगळं उरकलं होतं, आणायला काही राहिलं नव्हतं. तिरुपतीला म्हणून गेलो तो जिथं सापडला तिथं गेलो. तिथल्या पोलिसांनी जागा दाखवली. तिथल्या नदीवर केस दिले, पिंड ठेवला, आणि आलो.

"आणि रोज दार लावून काय करत होता?"

"बसत होतो."

"बसत होता म्हंजे?"

"त्याच्यापाशी." काकांनी पहिल्यांदा वर बघितलं. "लोकांच्या पोरांपाशी जन्मभर बसलो मी, गोदा. कुत्री येऊ ने म्हणून. माशा वारत. माझं पोरगं फलाटावर पडलं, तर त्याच्यापाशी कोण बसलं असंल? म्हणून बसतो जरा येळ. दोन दिस झालं, त्याला एकट्याला टाकून ऱ्हायलोय."

आता त्यांना रडू आलं. म्हातारा माणूस रडताना फार वाईट दिसतो, आवाज फुटत नाही, नुसती छाती हलते. क्लासमधला सुहास आठवला, बॅटरी नीट धर गं म्हणून खेकसणारा, आणि माझ्याही डोळ्यांना धार लागली.

काकू रडल्या नाहीत.

"दोन दिवाळ्या केल्या मी," त्या म्हणाल्या. "करंज्या केल्या. त्याच्या वाढदिवसाला खीर केली, चार घरी वाटली. संक्रांतीला वाण दिलं. घरात सुतक, आणि मी सणवार करत बसले. तुम्ही करू दिलं."

"मी खाल्लं न्हाई त्यातलं," काका म्हणाले. "एक घास न्हाई."

काकूंची नजर टेबलावरच्या ताटलीवर गेली. बाजूला सारलेल्या कपावर. कितीतरी वेळ त्या कपाकडं बघत उभ्या होत्या. साखर सोडली, मिशी काढली, एकटेच पासावर गेले, सगळं त्यांना तिथं उभ्या उभ्या उलगडत असणार. त्यांनी तो बिनसाखरेचा कप उचलला आणि उभ्यानंच सगळा पिऊन टाकला. दोन दिवसांत पोटात गेलेलं ते पहिलं.

"काय लिवलंय ते वाच," त्या मला म्हणाल्या.

मी वाचलं. इंग्रजीत होतं, मी मराठी करत गेले. पुरुष, वय अंदाजे तीस. एका लांबच्या स्टेशनाचं नाव. फलाटावरच्या बाकाजवळ मयत स्थितीत. अंगावर जखम नाही, आजारानं. उंची, रंग. निळ्या चौकड्यांचा शर्ट, वरचं बटण वेगळ्या रंगाचं.

"ते मी लावलं होतं," काकू म्हणाल्या. "तसलं मिळालं न्हाई, म्हणून पांढरं लावलं. पुण्याला जाऊन नीट लाव म्हटलं होतं त्याला."

पुढचं मला वाचवेना. काकूंनी घाई केली नाही. मी डोळे पुसून उरलेलं वाचलं, सगळं, खालच्या पोलीस ठाण्याच्या फोन नंबरापर्यंत. मग काहीतरी करायला पाहिजे म्हणून विचारलं, दुकानात नेऊन याची प्रिंट काढून देऊ का.

"असला फोटो घरात ठिवत्यात व्हय?" काकू म्हणाल्या. "भिंतीला लावायचा तर हसरा हाय की त्याचा. ह्यो हितंच असू दे."

बाहेरच्या खोलीत घड्याळ वाजलं. काका विजारीच्या खिशातून रुमाल काढून तोंड पुसत होते. काकू पुढं आल्या, पडद्याच्या अगदी जवळ. हात लावतील असं मला वाटलं, पण लावला नाही. पदरानं काचेवरची धूळ तेवढी टिपली.

"रेशमा, हे उद्या पण उघडंल ना गं?"

मला ठाऊक होतं, हा ब्राउझरसुद्धा वर्ष-दीड वर्षाचाच पाहुणा. बनवणाऱ्यांनी तसं जाहीर करून टाकलं होतं. पुढं झालंही तसंच. तो बंद पडला, मी दुसरी वाट काढली, मग तिसरी. काका गेले, तरी ते मशीन मी मरू दिलेलं नाही. लोक हसतात, त्या भंगारासाठी कशाला ऊर बडवतेस म्हणतात. मी त्यांना काही सांगत नाही.

पण त्या दिवशी हे कुठलं बोलायला.

"उघडेल," मी म्हटलं. "नाही उघडलं तर मी येईन."

काकूंनी मान हलवली. मग बाकड्याकडं वळून काकांना म्हणाल्या, "सरका जरा."

काका सरकले. मी पेनड्राइव्ह काढून घेतला, बाहेर आले आणि दार लोटून घेतलं.